खेळाडूची बखर: क्रीडा-माहितीपटात कात्री कुणाच्या हातात?



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस खेळांवरच्या माहितीपटांबद्दल काय बोलणार? कारण तसं घरगुती आहे. मे महिन्याच्या सुट्टीत नातू राहायला आला होता. कॉलेजात आहे, बास्केटबॉल खेळतो. जेवताना मला म्हणाला, "आजोबा, शिकागो बुल्सचा तो मॅनेजर होता ना, जेरी क्रॉस, त्यानेच ती टीम फोडली. फार खुनशी माणूस." मी विचारलं, तुला कसं माहीत? "डॉक्युमेंटरीत आहे." बरं, ती डॉक्युमेंटरी केली कुणी? "नेटफ्लिक्सने." मग आम्ही दोघांनी ती मालिका पहिल्यापासून बघितली, दहाच्या दहा भाग, आणि मी हट्टाने प्रत्येक भागाची श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू ठेवली. त्याला ते फार त्रासाचं झालं. आजकाल नावं सुरू झाली की कोपऱ्यात पुढच्या भागाची चौकट येते आणि पाच सेकंदांत नावं गडप होतात. मला वाचायची होती ती नेमकी तीच नावं.

मालिका आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल: 'द लास्ट डान्स'. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये आली, म्हणजे टाळेबंदीत. सगळं जग घरात बसलेलं, कुठेही सामने नाहीत, अशा वेळी मायकेल जॉर्डन आणि शिकागो बुल्सची ही कथा लोकांनी अक्षरशः तहानलेल्यासारखी पाहिली. १९९७-९८ च्या हंगामात अमेरिकन बास्केटबॉल लीगच्याच चित्रण विभागाचे कॅमेरे संघाबरोबर फिरले होते. ड्रेसिंग रूम, बस, विमान, सगळीकडे. अट एकच होती: जॉर्डनच्या संमतीशिवाय हे चित्रण वापरायचं नाही. ते जवळजवळ वीस वर्षं पडून राहिलं. जॉर्डनने होकार दिला तेव्हा मालिका झाली, आणि झाली तेव्हा निर्मितीत 'जंप २३' नावाची कंपनी सहभागी होती. २३ हा जॉर्डनच्या जर्सीचा आकडा. कंपनी त्याचीच. त्याचा व्यवसाय सांभाळणारी दोन माणसं कार्यकारी निर्मात्यांच्या यादीत होती. अमेरिकेतले ज्येष्ठ माहितीपटकार केन बर्न्स यांनी तेव्हाच यावर जाहीर आक्षेप घेतला. ज्याच्यावर माहितीपट आहे तोच निर्मितीत भागीदार असेल तर ही चांगली पत्रकारिता नव्हे आणि चांगला इतिहासही नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता जेरी क्रॉसकडे या. माझ्या नातवाचा खलनायक. हा माणूस २०१७ साली वारला. मालिकेसाठीच्या मुलाखती झाल्या त्या त्यानंतर. तेव्हा तो दिसतो तो जुन्या तुकड्यांमधून, आणि त्याच्याबद्दल बोलतात ते त्याच्यावर रागावलेले लोक. बाकीच्या प्रतिस्पर्ध्यांचं काय होतं पाहा. गॅरी पेटन काही सांगतो, आयझेया थॉमस काही सांगतो. मग जॉर्डनच्या हातात टॅबलेट देतात, तो त्यांचं बोलणं पाहतो, हसतो किंवा उडवून लावतो, आणि विषय संपतो. ज्यांनी आपल्याकडचे शास्त्रग्रंथ थोडेफार चाळले आहेत त्यांना पूर्वपक्ष म्हणजे काय ते माहीत आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते शक्य तितकं बळकट करून मांडायचं. काही ग्रंथांत पूर्वपक्ष इतका जोरकस असतो की नवखा वाचक त्यालाच सिद्धान्त समजतो. या मालिकेत पूर्वपक्ष आहे. नाही असं म्हणता येणार नाही. पण तो पाऊण मिनिटाचा आहे आणि त्यावर हसण्याचा हक्क एकाच माणसाला आहे. पेटनला उलट टॅबलेट दिलेला नाही.

स्कॉटी पिपेन हा जॉर्डनचा वर्षानुवर्षांचा सहकारी. त्याला हे इतकं लागलं की २०२१ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने आपली नाराजी मोकळेपणाने लिहिली. म्हणजे पूर्वपक्ष मांडायला त्याला वेगळं पुस्तक लिहावं लागलं! दहा भागांच्या मालिकेत त्याला जागा सापडली नाही.

तुम्ही म्हणाल, सर, पण त्यात जॉर्डनचा जुगार आहे, सहकाऱ्यांना घालूनपाडून बोलणं आहे, स्टीव्ह करला मारलेला ठोसा आहे. हे सगळं आहे, आणि म्हणूनच ही मालिका हुशार आहे. हे दोष कबूल केलेले दोष आहेत, आणि ते निवडलेले आहेत. 'मी जिंकण्यासाठी फार कठोर झालो' हा दोष सांगताना माणूस मोठाच होतो. नोकरीच्या मुलाखतीत तुमचा दुर्गुण कोणता असं विचारल्यावर उमेदवार सांगतो ना, मी कामात फार गुंतून जातो! त्यातलाच हा प्रकार. २०२३ साली डेव्हिड बेकहमवर मालिका आली, निर्मितीत त्याचीच 'स्टुडिओ ९९' कंपनी होती. त्यात माद्रिदच्या दिवसांतल्या वर्तमानपत्री गदारोळाबद्दल नवरा-बायको बोलतात. किती त्रास झाला ते सांगतात. नेमकं काय घडलं होतं, बातम्यांत तथ्य किती, याला कुणी हात लावत नाही. दुःख दाखवलं की प्रश्न विचारायची गरज उरत नाही, हे तंत्र आता चांगलंच रुळलं आहे.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो, कंटाळू नका.

ज्ञान मिळवायची साधनं कोणती, यावर आपल्या न्यायदर्शनात बारीक विचार झाला आहे. त्यात प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बरोबरीने शब्द हेही प्रमाण मानलं आहे. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान. हे फार व्यवहारी मत आहे. आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक कुणीतरी सांगितलेलंच असतं. स्वतःची जन्मतारीखसुद्धा! पण वाटेल त्याचा शब्द प्रमाण नाही. आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का, मराठीत तो अर्थ पुढे चिकटला. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताच्या मुख्य अटी दोन आहेत. एक, त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असली पाहिजे. दोन, जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी त्याला इच्छा असली पाहिजे. आणि तो पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. कुळ विचारायचं नाही, या दोन गोष्टी विचारायच्या.

आता खेळाडूला हे लावून पाहा. पहिल्या अटीत त्याचा हात कुणी धरणार नाही. शेवटच्या सेकंदाला चेंडू हातात असताना काय वाटलं, हे जॉर्डनइतकं कुणाला माहीत? दुसऱ्या अटीपाशी मात्र अडतं. ज्याच्या नावाचे बूट जगभर विकले जातात, ज्याची मूर्ती हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला 'जसं होतं तसं' सांगण्याची इच्छा कितपत असेल? तो खोटं बोलेलच असं नाही. पण त्याचं बोलणं ताडून पाहणारं दुसरं कुणीतरी हवं. माहितीपटकाराचं काम ते. साक्षीदार महत्त्वाचा, पण साक्षीदारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवून निकालपत्र लिहायला दिलं तर त्याला काय म्हणाल?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लान्स आर्मस्ट्राँगचं आहे. कर्करोगातून उठून हा सायकलपटू टूर दि फ्रान्स १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकला. निवृत्त झाला, आणि २००९ साली परत आला. ॲलेक्स गिबनी या नावाजलेल्या दिग्दर्शकाने त्या पुनरागमनावर चित्रपट करायला घेतला. अगदी जवळून चित्रण करू दिलं त्याला. आर्मस्ट्राँग त्या शर्यतीत तिसरा आला. गिबनी कसलेला माणूस, पण एवढ्या जवळ गेल्यावर तोही थोडा भक्त झाला होता, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं आहे. चित्रपट जवळपास तयार होता. मग आरोप उसळले, २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, सातही विजेतेपदं गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. गिबनीने काय केलं? तयार चित्रपट बाजूला ठेवला आणि सगळं नव्याने रचलं. त्याच वर्षी तो आला, 'द आर्मस्ट्राँग लाय' या नावाने. त्यात आर्मस्ट्राँगचं खोटं आहेच, शिवाय त्या खोट्याला दिग्दर्शक स्वतः कसा भुलला तेही आहे. आता कल्पना करा, त्या पहिल्या चित्रपटाची कात्री आर्मस्ट्राँगच्या कंपनीकडे असती तर? दुसरा चित्रपट झालाच नसता.

पूर्वी सगळं चांगलं होतं आणि आता सगळं बिघडलं, असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांचा मला स्वतःलाच कंटाळा येतो. त्यामुळे 'दर्जा घसरला' म्हणताना काय म्हणतोय ते नीट सांगायला हवं. छायाचित्रण आज फार पुढे गेलं आहे. ध्वनी, जुन्या चित्रफितींची डागडुजी, सगळं उत्तम. घसरण दुसरीकडे आहे, आणि ती कळायला एक जुना चित्रपट जरा सावकाश पाहावा लागेल.

'हूप ड्रीम्स', १९९४. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स. शिकागोच्या गरीब वस्त्यांतली दोन कृष्णवर्णीय मुलं, विल्यम गेट्स आणि आर्थर अेजी. दोघांचं वय चौदाच्या आसपास, दोघंही बास्केटबॉलमध्ये तयार. शहराबाहेरच्या एका नामांकित खाजगी शाळेने खेळासाठी दोघांना घेतलं. रोज काही तास जाण्या-येण्यात. कॅमेरा त्यांच्यामागे जवळपास पाच वर्षं होता. सुरुवातीला अर्ध्या तासाची छोटी फिल्म करायची होती. शेवटी अडीचशे तासांचं चित्रण साठलं आणि पावणेतीन तासांचा चित्रपट झाला.

त्यात काय आहे ते ऐका. आर्थरचा खेळ अपेक्षेइतका बहरत नाही, घरी फीचे पैसे थकतात, आणि त्याला शाळा सोडावी लागते. सोडल्यावरही बाकी भरेपर्यंत त्याच्या अभ्यासक्रमाचे गुण नव्या शाळेला मिळत नाहीत. विल्यम शाळेचा तारा आहे, त्याच्यासाठी देणगीदार मिळतात. पण त्याचा गुडघा जातो, आणि आपल्याला कळत जातं की त्या मुलाला खेळ आता नकोसा होत चालला आहे. एका दृश्यात आर्थर वस्तीतल्या मैदानावर खेळतोय आणि मागे त्याचे वडील अमली पदार्थ विकत घेताना दिसतात. मुलगा ते पाहतो. कॅमेराही पाहतो. कुठेही निवेदक येऊन सांगत नाही की बघा, हे कसं वाईट. पुढे आर्थरची आई नर्सच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम पूर्ण करते आणि वर्गात पहिली येते. मला विचाराल तर या चित्रपटातला सगळ्यात मोठा विजय तो आहे, आणि तो बास्केटबॉलच्या मैदानावर झालेला नाही.

इथे एक तपशील महत्त्वाचा. चित्रपट चालल्यावर निर्मात्यांनी दोन्ही कुटुंबांना उत्पन्नातला वाटा दिला. वाटा दिला; कात्री दिली नाही. हा फरक आज पुसला गेला आहे. ज्यांचं आयुष्य आपण पडद्यावर दाखवतो त्यांना पैसे मिळायलाच हवेत. माझा आक्षेप पैशाला नाही.

ऑस्करने तेव्हा या चित्रपटाला उत्कृष्ट माहितीपटाचं नामांकनही दिलं नाही. संकलनाचं दिलं. त्यावर इतका आरडाओरडा झाला की निवडीची पद्धत बदलावी लागली. असो.

असा चित्रपट आज का होत नाही? होत नाही म्हणणं अतिशयोक्ती झाली; कमी का होतात? मुख्य कारण चित्रण कुणाच्या मालकीचं आहे हे आहे. कुठल्याही मोठ्या खेळाचा माहितीपट करायचा तर सामन्यांची दृश्यं लागतात, आणि ती लीगच्या किंवा मंडळाच्या मालकीची असतात. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याच्याकडूनच पुरावा विकत घ्यायचा. त्यातून जो प्रक्षेपक माहितीपट दाखवणार, त्याचाच त्या लीगशी प्रक्षेपणाचा अब्जावधींचा करार असतो.

२०१३ मधली गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला वारंवार मार बसून खेळाडूंच्या मेंदूला कायमची इजा होते, आणि लीगने ते वर्षानुवर्षं नाकारलं, यावर अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीचा 'फ्रंटलाइन' कार्यक्रम आणि ईएसपीएन मिळून काम करत होते. मूळ शोध घेणारे दोघे भाऊ ईएसपीएनचेच पत्रकार. ऑगस्टमध्ये, प्रक्षेपण तोंडावर आलेलं असताना, ईएसपीएनने आपलं नाव काढून घेतलं. संपादकीय नियंत्रण आमच्याकडे नव्हतं, असं कारण दिलं. लीगच्या दबावाच्या बातम्या आल्या, ईएसपीएनने त्या नाकारल्या. त्या लीगच्या सामन्यांसाठी ही वाहिनी तेव्हा वर्षाला अब्जाहून अधिक डॉलर मोजत होती. 'लीग ऑफ डिनायल' ऑक्टोबरमध्ये सार्वजनिक वाहिनीवर दाखवला गेला, ईएसपीएनच्या नावाशिवाय. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये काय जाहीर झालं? ती लीग ईएसपीएनमध्ये दहा टक्क्यांची मालक होणार. आता कुणी कुणावर दबाव आणायची गरजच राहिली नाही.

आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नका. २०१३ च्या आयपीएलमधल्या सट्टेबाजी प्रकरणात न्या. लोढा समितीने २०१५ साली चेन्नई आणि राजस्थान या संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. २०१८ मध्ये चेन्नई परतली आणि जिंकलीसुद्धा. त्यावर २०१९ साली हॉटस्टारवर 'रोअर ऑफ द लायन' ही मालिका आली. निर्मितीत कर्णधार धोनी यांची कंपनी. हॉटस्टार स्टारचं, आणि स्टारने २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना घेतलेले. मालिका भावपूर्ण आहे. खेळाडूंना किती वेदना झाल्या ते धोनी सांगतात आणि ती वेदना खरी आहे, यात मला शंका नाही. पण बंदी हा विषय असलेल्या कथेत बंदी का आली हा प्रश्न एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखा येतो. जणू वादळ आलं, घर पडलं, पोरांनी पुन्हा उभारलं. घराचा पाया कुणी खणला होता, ते नाही.

याच्या उलट २०१५ चा 'डेथ ऑफ अ जंटलमन'. सॅम कॉलिन्स आणि जॅरड किम्बर हे दोन क्रिकेटपत्रकार कसोटी क्रिकेट मरतंय का, हे शोधायला निघाले. मित्र एड कोवन ऑस्ट्रेलियाकडून खेळू लागला होता, त्याची गोष्ट सांगायची, इतकाच साधा बेत. करता करता त्यांच्या लक्षात आलं की भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांनी मिळून आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा पैसा आणि सत्ता आपल्याकडे ओढायची योजना आखली आहे. चित्रपट बदलला. तो दिसायला साधाच आहे, कुठे कुठे हौशीही वाटतो. पण अधिकाऱ्यांसमोर बसून ते प्रश्न विचारतात आणि अधिकारी चिडतात. अधिकृत माहितीपटात चिडलेला अधिकारी तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

या ठिकाणी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मी फारच साळसूद ठरेन.

तरुणपणी मी एका गौरवग्रंथाच्या संपादक मंडळात होतो. गौरवग्रंथ हा आपला खास मराठी प्रकार. साठी, एकसष्टी, अमृतमहोत्सव, शाल-श्रीफळ आणि जाडजूड ग्रंथ. एका शिक्षणसंस्थेच्या चालकांची एकसष्टी होती. नाव सांगत नाही. एका सहकाऱ्याचा लेख आला. चांगला होता, प्रेमाने लिहिलेला. पण मध्ये दोन परिच्छेद असे होते की एका वर्षी तात्पुरत्या शिक्षकांना सात महिने पगार मिळाला नव्हता आणि त्यातल्या एकाने घरातली भांडी मोडीत काढली होती. मी ते परिच्छेद काढले. मला कुणी सांगितलं नव्हतं. चालकांनी लेख पाहिलासुद्धा नव्हता. पाहिला असता तर कदाचित त्यांनी ठेवूही दिला असता, कोण जाणे. मी 'लांबी जास्त होतेय' असं स्वतःलाच सांगितलं आणि तांबड्या पेन्सिलीने काट मारली. सहकाऱ्याने ग्रंथ हातात आल्यावर पान उघडलं, वाचलं, मिटलं. माझ्याशी त्यावर एक शब्द बोलला नाही. मी निवृत्त होईपर्यंत बोलला नाही.

'द लास्ट डान्स'च्या दिग्दर्शकांनी मुलाखतींतून सांगितलं आहे की आमच्यासाठी कुठलाही विषय वर्ज्य नव्हता. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मलाही कुठलाच विषय वर्ज्य नव्हता.

आपल्या इतिहासलेखनात ही लढाई सव्वाशे वर्षांपूर्वी लढून झाली आहे. बखरी वाचायला किती रसाळ! प्रसंग कसे रंगवलेले, संवाद कसे खणखणीत. पण बखरकार कुणाच्या आज्ञेने, कुणासाठी लिहितोय हे बखरीतच सांगितलेलं असतं. राजवाड्यांनी बखरींच्या जागी अस्सल कागद हवेत असा आग्रह धरला, गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली. बखरी त्यांनी जाळल्या नाहीत. त्यांची किंमत ठरवली. आज आपण उलटे चाललो आहोत. खेळांच्या बाबतीत बखरी वाढताहेत आणि दप्तरखाना बखरकाराच्या मालकाकडे आहे. बखरकार निदान पहिल्या पानावर धन्याचं नाव घालायचा!

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. पैसा सरकारचा किंवा मंडळाचा असला की चित्रपट वाईटच होतो का? नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचा अधिकृत चित्रपट कोन इचिकावा यांनी केला, 'टोकियो ऑलिम्पियाड', १९६५. पैसा आयोजकांचा. अपेक्षा अशी की जपानची पदकं, नवी स्टेडियमं, नवं राष्ट्र दिसावं. इचिकावांनी दाखवले धापा टाकणारे, घसरणारे, एकटे पडलेले लोक. चाडचा अहमद इसा हा धावपटू त्यात बराच वेळ दिसतो. त्याचा देश १९६० साली स्वतंत्र झालेला, म्हणजे हा मुलगा वयाने आपल्या देशाहून मोठा. ८०० मीटरच्या उपान्त्य फेरीत हरतो. नंतर भोजनगृहात एकटाच जेवत बसलेला दिसतो, आजूबाजूला अनोळखी भाषा. ऑलिम्पिकचं काम पाहणारे मंत्री कोनो इचिरो चित्रपट पाहून भडकले. ही नोंद म्हणायची की कला, असा त्यांचा सवाल होता. वाद पेटला, काटछाटही झाली, पण चित्रपट टिकला आणि जपानी लोकांनी तो डोक्यावर घेतला.

याच्या शेजारी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवरचा लेनी रीफेनश्टालचा 'ऑलिम्पिया' ठेवा, १९३८ चा. तंत्रात थक्क करणारा. रुळांवरून धावणारा कॅमेरा, पाण्याखालचं चित्रण, आज आपण जे पाहतो त्यातलं कितीतरी तिथून आलं. हे आपलं स्वतंत्र काम होतं असं त्या बाई जन्मभर सांगत राहिल्या. कागदपत्रांतून निघालं की पैसा नाझी प्रचारमंत्रालयाचा होता आणि तो लपवण्यासाठी मध्ये एक नावापुरती कंपनी उभी केली होती. आजच्या क्रीडापटूंच्या कंपन्यांची मी नाझींशी तुलना करत नाही, कृपा करून तसं पसरवू नका. मला एवढंच दाखवायचं आहे की दोन्ही चित्रपट अधिकृत. एकात दिग्दर्शक पैसा देणाऱ्याला नको ते पाहू शकला, दुसऱ्यात नाही. पैसा कुणाचा यावरच थांबू नका, भांडण झालं का तेही विचारा. अधिकृत चित्रपटावरून कुणीच भांडलं नसेल तर मला काळजी वाटते.

आणि असं भांडण आता चित्रपटाच्या जिवावर बेततं. एझ्रा एडलमनने २०१६ साली ओ. जे. सिम्पसनवर पावणेआठ तासांचा माहितीपट केला, ईएसपीएनसाठीच. खेळ, वंश, पोलीस, न्यायालय, प्रसिद्धी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्याला ऑस्कर मिळालं. सिम्पसन तेव्हा तुरुंगात होता. निर्माता व्हायला मोकळा नव्हता. याच एडलमनने पुढे प्रिन्स या गायकावर नेटफ्लिक्ससाठी नऊ तासांचं काम केलं. गायकाच्या वारसांनी आक्षेप घेतले आणि २०२५ साली जाहीर झालं की ते दाखवलं जाणार नाही. खेळाचा नसला तरी हा दाखला महत्त्वाचा, कारण माणूस तोच आणि हातही तेच.

फॉर्म्युला वनवरच्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह'बद्दल एकच वाक्य बोलतो: विश्वविजेता मॅक्स व्हर्स्टापेनने काही काळ त्यात भाग घ्यायचं नाकारलं, कारण नसलेली वैरं रचून दाखवतात असं त्याचं म्हणणं होतं. खेळाडूनेच माहितीपटाला खोटं म्हणायचे दिवस आले.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: "सामान्य प्रेक्षकाने हे ओळखायचं कसं?" श्रेयनामावली वाचा, पुढच्या भागाची घाई करू नका. चित्रपटात एक तरी माणूस असा आहे का, की जो नायकाला दुखवेल असं बोलतो आणि त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं जातं, तेवढं पाहा. आणि कुठे तुम्हाला रडू आलं तर डोळे पुसून झाल्यावर तिथे कोणता प्रश्न राहून गेला ते बघा. माझा नातू आता हा खेळ माझ्यापेक्षा चांगला खेळतो. जेरी क्रॉसबद्दलचं त्याचं मत मात्र अजून तेच आहे.

दुसरी चिठ्ठी साताऱ्याहून ऐकणाऱ्या एका ताईंची आहे: "आपल्याकडे कुणावर असा माहितीपट व्हावा असं वाटतं?" खाशाबा जाधवांवर. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. बैलगाड्यांच्या मिरवणुकीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, आणि ती पडद्यावर फार सुंदर दिसेल. पण मला त्याबरोबर फायलीही पाहायच्या आहेत: प्रवासाच्या पैशासाठी कुणाकुणाला अर्ज केले, कुणी काय उत्तर दिलं, पुरस्काराला इतका उशीर कुठल्या टेबलावर झाला. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं आपण सांगत आलो आहोत. मीही वर्गात कितीदा सांगितलं असेल. जो कुणी हा माहितीपट करील, त्याने कोल्हापुरात जाऊन आधी ते गहाणखत शोधावं.